सीसीचा आंकडा

मोखाडा तालुक्यांतील पोशेऱ्यासारख्या डोंगराळ गांवीं काय, किंवा पुण्या-मुंबईच्या सपाट सडकेवर काय, मोटारसायकलची ओळख आंकड्यानेंच करून दिली जाते. शंभराची, दीडशेची, साडेतीनशेची! हा आंकडा आहे तरी कशाचा?

इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या वर-खालीं होतो. त्याच्या एका धांवेनें जेवढी जागा व्यापली जाते, तिचें घनफळ म्हणजे हा आंकडा. तें घन सेंटिमीटरांत, म्हणजेच सीसींत, मोजतात. मद्रास येथें १९५५ पासून तयार होऊं लागलेल्या जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळास धांवेनें गुणिलें म्हणजे ३४६ सीसी येतात; लोकांनीं त्यांचे साडेतीनशे केले. पुण्याच्या बजाज चेतकचीं दोन्हीं मापें ५७. घनफळ १४५, नांव मात्र दीडशेचें.

तथापि हा आंकडा पोकळीचा आहे, शक्तीचा नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास इंधन पेटतें, फोर-स्ट्रोकमध्यें एकाआड एक फेऱ्यास. म्हणून सारख्या सीसीच्या दोन गाड्या घाट सारखाच चढतील, असें नाहीं.

असें असतांही कायद्यानें कुंपण घातलें तें याच आंकड्याचें. १९७२ सालीं पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें ५० सीसीची लूना आणिली. १९८४ सालीं त्याच उद्योगानें जपानच्या होंडाशीं भागीदारी केली. त्यांतून निघालेली बिनगिअरची स्कूटर ९८ सीसीची होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सोळा वर्षें पूर्ण झालेल्यांस बिनगिअरची दुचाकी चालविण्याची मुभा दिली. अर्थात् ही स्कूटरही त्यांत बसली. १९९४ च्या दुरुस्तीनें 'बिनगिअर' हा शब्द जाऊन '५० सीसीपर्यंत' ही मर्यादा आली. लूना आंत राहिली, स्कूटर बाहेर गेली.

करानेंही तोच आंकडा धरिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढील गाड्यांवर ४० टक्के.

परंतु घरोघरीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट पन्नासाची आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या नेहमींच्या स्कूटरी शंभर सीसींहून मोठ्या आहेत. 'गिअर नाहीं, मग काय बिघडलें?' असें म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं किल्ली देणारा पालक तीस वर्षांपूर्वीं रद्द झालेल्या नियमावर विसंबून असतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीनाकडून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. पोकळी मोजण्यासाठीं निघालेला आंकडा आतां वडील माणसांची जबाबदारीही मोजूं लागला आहे.