पुतळे उतरले, पण भूतकाळ?

१/९
२२ ऑगस्ट १९९१ची रात्र. मॉस्कोच्या ल्युबियान्का चौकात हजारो लोक जमले होते. कम्युनिस्ट कट्टरपंथीयांचे बंड आदल्याच दिवशी फसले होते. केजीबीच्या मुख्यालयासमोर १९५८पासून उभा असलेला फेलिक्स झेर्झिन्स्कीचा पुतळा क्रेनने उचलला गेला. सोव्हिएत गुप्त पोलीस दलाचा हा संस्थापक आडवा होताच जमावाने जल्लोष केला.

२/९
पुतळा हटला म्हणजे त्यामागची राजवट मनातूनही हटते का? या प्रश्नाला रशियन कलावंतांनी राजवट भक्कम असतानाच हात घातला होता. त्यांत विताली कोमार आणि अलेक्सांद्र मेलामिद ही जोडी अग्रणी होती.

३/९
१९७२मध्ये मॉस्कोत या दोघांनी ‘सोट्स आर्ट’ ही शैली घडवली. अमेरिकी पॉप आर्टने जाहिरातींना चित्रविषय केले होते. सोव्हिएत संघात जाहिरातींची जागा घोषणांनी व्यापली होती. म्हणून त्यांनी लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांत सरकारी घोषणा जशाच्या तशा लिहिल्या आणि खाली स्वतःची सही केली.

४/९
त्या सहीतच सारी मेख होती. ‘आमचे ध्येय साम्यवाद’ हे वाक्य सर्वत्र झळके. पण ते नेमके कोणाचे, हे कोणी विचारत नसे. बिननावाच्या वाक्याला धनी मिळताच त्याचा पोकळपणा उघडा पडला.

५/९
१५ सप्टेंबर १९७४ रोजी बेल्यायेव्होतील मोकळ्या जागेत बंडखोर चित्रकारांनी प्रदर्शन भरवले. अधिकाऱ्यांनी त्यावर बुलडोझर आणि पाण्याचे फवारे सोडले. कोमार-मेलामिद यांनी स्वतःला लेनिन आणि स्टालिन यांच्या रूपात रंगवलेले चित्रही तेव्हा नष्ट झाले.

६/९
जगभर नाचक्की झाली. दोनच आठवड्यांनी इझमायलोव्हो उद्यानात अशाच खुल्या प्रदर्शनाला परवानगी द्यावी लागली. पुढे ही जोडी देश सोडून न्यूयॉर्कला स्थायिक झाली.

७/९
सोव्हिएत संघ कोसळल्यावर पुतळे पाडण्याची लाट आली, तेव्हा याच दोघांनी तिला विरोध केला. १९१८मध्ये लेनिनच्या सरकारनेही झारांची स्मारके हटवण्याचा हुकूम काढला होता. प्रत्येक नवी सत्ता जुन्या सत्तेच्या खुणा पुसते आणि नकळत तिचीच रीत पुढे चालवते, असे त्यांचे म्हणणे होते.

८/९
पूजा नको आणि विध्वंसही नको. स्मारकांचा अर्थ बदलावा, असे आवाहन त्यांनी कलावंतांना केले. त्यांची स्वतःची सूचना मार्मिक होती. लेनिनच्या समाधीवर केवळ ‘लेनिन’ एवढीच अक्षरे आहेत. त्यांपुढे ‘-इझम’ जोडावे. मग ती एका माणसाची नव्हे, तर त्याच्या विचारप्रणालीची समाधी ठरेल. ती अक्षरे कधीच जोडली गेली नाहीत.

९/९
दडपशाहीतील बळींची स्मृती जपणारी ‘मेमोरियल’ संस्था विसर्जित करण्याचा आदेश डिसेंबर २०२१मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. सप्टेंबर २०२३मध्ये परराष्ट्र गुप्तहेर खात्याच्या मॉस्कोतील मुख्यालयात झेर्झिन्स्कीचा नवा पुतळा उभा राहिला. क्रेनने १९९१मध्ये उतरवला होता तो केवळ धातू. त्यामागच्या इतिहासाचा हिशेब मांडायचे काम तसेच राहिले, आणि रिकामा चौथरा फार काळ रिकामा राहत नाही.