हादरा मोजायचा कुठे? खाणीतला सुरुंग आणि शेजारचे घर

भिलाईला लागून असलेल्या जामुल येथे 1965 साली एसीसी कंपनीचा सिमेंट कारखाना सुरू झाला. सिमेंटला चुनखडक हवा, आणि दुर्ग जिल्ह्याच्या भूमीत तो विपुल आहे. जामुलचा चुनखडक असो, की कोरबा, चंद्रपूर, वणी येथील कोळशावरचा वालुकाश्म. खडक फोडायचा तर भोके पाडून त्यांत स्फोटके भरावी लागतात. खाणीशेजारी घरे असली की प्रश्न उभा राहतो : त्या घरांना किती हादरा सोसेल? या एका प्रश्नाचे उत्तर घडायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

प्रथम तर मोजायचे काय, हेच ठरत नव्हते. 1942 मध्ये अमेरिकेच्या खाण विभागाने जमिनीच्या त्वरणाचा निकष मांडला. 1949 मध्ये क्रँडेल यांनी त्वरण आणि वारंवारता एकत्र करून ऊर्जेचे गुणोत्तर सुचवले. 1958 मध्ये लांगेफोर्स व त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की भिंतीच्या नुकसानीशी अधिक थेट नाते आहे ते जमिनीच्या कणांच्या उच्चतम वेगाचे. तेव्हापासून हादरा मिलिमीटर प्रति सेकंद या मापाने सांगितला जाऊ लागला. 1971 मध्ये अमेरिकी खाण विभागाने घरांसाठी सुमारे 50 मिमी प्रति सेकंद ही सुरक्षित मर्यादा सुचवली.

ही मर्यादा सरसकट होती, आणि तेथेच ती अपुरी पडली. प्रत्येक घराला स्वतःची अशी डोलण्याची लय असते. एक-दोन मजली घरांची ती साधारणतः 4 ते 12 हर्ट्झ असते. जमिनीचे कंपन त्या लयीशी जुळले, की झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या झोक्याप्रमाणे घराचे डोलणे वाढते. खुल्या कोळसा खाणींत स्फोट मोठे आणि वरचे थर मऊ, म्हणून तेथून येणाऱ्या लहरी बहुधा मंद वारंवारतेच्या असतात. अमेरिकेत 76 घरांत, 219 स्फोटांच्या वेळी प्रत्यक्ष मोजमाप करून 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मंद कंपनांसाठी मर्यादा बरीच खाली आणली : गिलाव्याच्या भिंतींच्या घरांना अवघी 12.7 मिमी प्रति सेकंद.

भारतात हा विचार 1997 च्या परिपत्रकात उतरला. धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाने वारंवारतेनुसार तीन पायऱ्या आखल्या. खाणमालकाच्या मालकीची नसलेली राहती घरे, कच्ची असोत वा विटा-सिमेंटची, त्यांच्यासाठी 8 हर्ट्झच्या खाली 5 मिमी, 8 ते 25 हर्ट्झपर्यंत 10 मिमी आणि त्यावर 15 मिमी प्रति सेकंद. ऐतिहासिक वास्तूंसाठी ही मर्यादा 2, 5 आणि 10 मिमी. मालकाच्या स्वतःच्या, अल्पायुषी इमारतींना मात्र अधिक हादरा मान्य आहे. म्हणजे ज्याला खाणीचा लाभ नाही, त्याच्या भिंतीला कायद्याने अधिक जपले.

ही मर्यादा पाळायची कशी? येथे निर्णायक ठरते ते एका क्षणी उडणारे वजन. एकूण दारूगोळ्याचे महत्त्व दुय्यम. सर्व भोके एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवली, तर एक मोठा धक्का अनेक लहान धक्क्यांत विभागला जातो. प्रचलित नियमानुसार हादरा अंतर आणि एका क्षणीच्या वजनाचे वर्गमूळ यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. 500 मीटरवरील घरासाठी एका क्षणी 100 किलो चालत असेल, तर 250 मीटरवर 50 नव्हे, 25 किलोच चालेल. अर्थात प्रत्येक खाणीचा खडक वेगळा. म्हणून चाचणी स्फोट घेऊनच हे गणित बसवावे लागते. वेळेची ही अचूकता इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरने खूप वाढवली. जुन्या विद्युत डिटोनेटरवर भारतात 1 एप्रिल 2025 पासून बंदी आली. तिचे मुख्य कारण मात्र गैरवापराचा धोका हे होते.

उडणाऱ्या दगडांचा धोका निराळा. 1957 च्या कोळसा खाण नियमांत सुरुंगाभोवतीचे धोक्याचे क्षेत्र 300 मीटरचे होते. 2017 च्या नियमांनी ते 500 मीटर केले.

तरीही एक दरी उरते. माणसाला अर्धा मिलिमीटर प्रति सेकंद इतकेही कंपन जाणवू शकते. मर्यादेच्या दशांश हादऱ्यानेही भांडी खणखणतात, मूल दचकून उठते. नियम भिंतीचा आहे, भीतीचा नाही. ही दरी आकड्यांनी एकट्याने भरत नाही. स्फोटापूर्वी घरांतील जुन्या भेगांची नोंद, सुरुंगाची ठरलेली वेळ, आणि कंपनमापक खाणीच्या कार्यालयात नव्हे तर घराच्या पायाशी ठेवून त्याचे वाचन रहिवाशांना दाखवणे, यांनी ती कमी होते. जेथे हेही पुरत नाही, तेथे कोळसा स्फोटाविना कापणारी सरफेस मायनर यंत्रे आहेत. कोरब्याच्या गेवरा खाणीत ती वापरली जातात.

1942 पासूनच्या या प्रवासात मोजमाप सुरुंगाकडून हळूहळू उंबरठ्याकडे सरकत आले. ते उंबरठ्याच्या आत पोहोचवणे हे आता या शास्त्रापुढचे काम आहे.