सातत्यदोष (चित्रपट)

एकाच प्रसंगातील वस्तू, वेशभूषा किंवा हालचाल दोन शॉट्समध्ये जुळली नाही, तर तो सातत्यदोष. प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, कधी अनेक दिवसांच्या अंतराने चित्रित होतो, म्हणून अशा चुका राहतात. ‘प्रिटी वुमन’मध्ये (१९९०) नाश्ता करणाऱ्या नायिकेच्या हातातल्या क्रोसाँचा पाहता पाहता पॅनकेक होतो.

हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधली (१९५९) चूक सर्वांत लोभस: उपाहारगृहात गोळी सुटण्याआधीच मागे बसलेला मुलगा कानांत बोटे घालतो.

कालविसंगती, म्हणजे कथेच्या काळाशी न जुळणारा तपशील, हे सातत्यदोषाचेच भावंड. ‘लगान’ची (२००१) कथा १८९३ मधली, त्यातल्या क्रिकेट सामन्यात षटक सहा चेंडूंचे आहे, इंग्लंडमध्ये मात्र तेव्हा ते पाच चेंडूंचे असे.

चित्रीकरणात सातत्याच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी स्क्रिप्ट सुपरवायझरकडे असते.