पंचेचाळिशीनंतरचे गिअर

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारण तसं साधं आहे : गुडघा.

झालं असं, की या हिवाळ्यात खोपोलीकडून बोरघाट चढायचा आणि मग २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. सरावाची सुरुवात सवयीप्रमाणे आंबीहून. इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, वराळे, तळेगाव, मग जुना हायवे धरून वडगाव, कामशेत, कार्ला आणि लोणावळा. तिशीच्या आत असताना हा रस्ता मी शिट्टी वाजवत कापायचो. या वेळी कामशेतच्या चढावरच उजवा गुडघा बोलायला लागला. परत येताना तळेगावात सायकलच्या दुकानात थांबलो. पोरगं विशीतलं असेल. त्याने माझ्या सायकलच्या पुढच्या चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालं, "काका, पुढे छोटी चकती टाका की. या वयात कशाला एवढं मोठं फिरवताय?"

काका! मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. ऑफिसात मला अजून नावाने हाक मारतात. अर्थात मी चकती बदलली नाही. घरी आलो, गुडघ्यावर बर्फ लावला आणि नेहमीप्रमाणे रागाच्या भरात वाचत बसलो. त्यातून हा लेख.

तर मंडळी, त्या पोराला माहीत नसेल, पण तो एका फार जुन्या भांडणात उतरला होता.

हे भांडण १९०२ सालचं. आन्री देग्रांज हा फ्रेंच संपादक, पुढच्याच वर्षी त्याने 'टूर द फ्रान्स' सुरू केली. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगरातल्या रस्त्यांवर सायकलींची एक चाचणी घेतली होती. तिच्यात मार्थ एस नावाची एक बाई तीन गिअरची सायकल घेऊन आली आणि एकाच गिअरवर चढणाऱ्या एका नामांकित शर्यतपटूला मागे टाकून गेली. यावर देग्रांजने लिहिलेला मजकूर सायकलच्या इतिहासात अजरामर झालाय. त्याचा मथितार्थ असा, की बदलते गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, मर्दाने आपल्या स्नायूंच्या जोरावर जिंकावं. आणि हा नुसता लेख नव्हता. त्याच्या शर्यतीत डिरेलर वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोपर्यंत जगातले सगळ्यात तगडे सायकलपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून, उलटं करून बसवायचे. का? तर चाकाच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या दातांची चकती असायची!

समोरच्या पक्षात होता पॉल द विवी, टोपणनाव वेलोसिओ. सेंत-एतिएन गावचा, जन्म १८५३. हा गृहस्थ आयुष्यभर बदलत्या गिअरची बाजू मांडत राहिला आणि स्वतः म्हातारपणापर्यंत लांब लांब सायकल चालवत राहिला. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, घमेंडीपायी पेडल मारू नका, अशा अर्थाचे त्याचे नियम लांब पल्ल्याचे सायकलवाले आजही सांगतात. १९३० साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ट्रामच्या धडकेत तो गेला.

घमेंडीपायी पेडल मारू नका... हे वाचताना माझ्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती, हे सांगायला नकोच.

आता थोडं घरचं. आमचे अण्णा चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. आंबीहून तळेगाव स्टेशनपर्यंत सायकल, स्टँडला लावायची, पुढे लोकल. काळी ॲटलस, पुढे दांडी, मागे कॅरिअर, कॅरिअरला डबा. गिअर एकच. मी एकदा हिशोब केला : जाऊन-येऊन रोज बारा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, अशी तीस वर्षं. झाले १,०८,००० किलोमीटर. पृथ्वीला अडीच फेऱ्या मारून वर आणखी थोडं. पावसात, चिखलात, रात्रपाळीत. कोणी त्याला फिटनेस म्हणालं नाही. घड्याळात नोंद नाही, फोटो नाहीत, पदक नाही. पुणे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं ते अशाच माणसांमुळे. मावळात तर दूधवाले दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून जायचे.

अण्णा २००७ साली रिटायर झाले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, आयटीत नवा, खिशात पगार. मोठ्या अभिमानाने त्यांना स्कूटर घेऊन दिली. म्हटलं, "खूप दमलात अण्णा, आता आराम करा." ॲटलस गोठ्यामागे गेली. पुढे तिच्यावर दोडक्याचा वेल चढला. १,०८,००० किलोमीटरचा सराव एका दिवसात बंद, आणि तो बंद करणारा मी.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांना चिकुनगुन्या झाला. जवळजवळ तीन आठवडे अंथरुणात. ताप गेला, सांधेही हळूहळू मोकळे झाले, पण नंतर एक दिवस ते देवापुढे बसले आणि त्यांना उठताच येईना. आई एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. अण्णा काही बोलले नाहीत. मीही नाही. आम्ही सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला : वय झालं.

तो निष्कर्ष किती चुकीचा होता, हे मला डॅलसच्या प्रयोगाबद्दल वाचल्यावर कळलं. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच धडधाकट तरुणांना, वयं विशीची, तीन आठवडे अंथरुणात नुसतं झोपवून ठेवलं. आधी आणि नंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली. (शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, त्याचं हे माप. आपल्या भाषेत इंजिनाचा आकार.) तीन आठवड्यांत ती सुमारे २६ टक्क्यांनी घसरली. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना शोधून पुन्हा मोजलं. आता ते पन्नाशीचे, पोट सुटलेले. तीस वर्षांत क्षमता घटली होती सुमारे १२ टक्के. म्हणजे तीन आठवड्यांच्या झोपण्याने जे केलं, ते तीस वर्षांच्या वयानेही केलं नव्हतं! वजन वाढल्यामुळे दर किलोमागे मोजलं तर घट जास्त भरते, हेही सांगायला हवं. पण त्यानंतर या पाच जणांनी सहा महिने बेताचा, नियमित व्यायाम केला, आणि त्यांची क्षमता विशीत अंथरुणावर झोपण्यापूर्वी होती तिथे परत आली.

मी हा परिच्छेद तीनदा वाचला. आपण ज्याला वय म्हणतो त्यातलं खरं वय किती आणि आराम किती? आपल्याकडे तर आराम हे म्हाताऱ्या माणसाला द्यायचं बक्षीस आहे. "तुम्ही बसा, मी आणतो." प्रेमानेच म्हणतो आपण. आणि त्याच प्रेमाने एकेक स्नायू सेवानिवृत्त करत जातो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. त्यांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलस्वार घेतले. अट अशी, की पुरुषांना साडेसहा तासांच्या आत १०० किलोमीटर आणि बायकांना साडेपाच तासांच्या आत ६० किलोमीटर सायकल चालवता आली पाहिजे. २०१८ साली निष्कर्ष आले. या मंडळींमध्ये वयाबरोबर स्नायूंचं वस्तुमान आणि ताकद घटलेली दिसली नाही. इतकंच काय, नव्या रोगप्रतिकारक पेशी बनवणारी त्यांची थायमस ग्रंथी जवळजवळ तरुणांसारखी काम करत होती. अर्थात इथे एक मेख आहे. जे मुळात तब्येतीने बरे, तेच सत्तरीत १०० किलोमीटर चालवत असणार. सायकलमुळे तब्येत की तब्येतीमुळे सायकल, हे अशा अभ्यासातून पुरतं सुटत नाही. तरी डॅलसचे पाच जण शेजारी ठेवले, की चित्र बरंच स्पष्ट होतं.

आणखी एक गोष्ट आम्हा सायकलवाल्यांना ऐकायला आवडत नाही : नुसती सायकल पुरत नाही. सायकलवर वजन सीट उचलते, हाडं नाही. त्यामुळे हाडांना लागणारा भार मिळत नाही. शिवाय वय वाढतं तसे आधी जातात ते झटकन जोर लावणारे स्नायू, आणि तेच खुर्चीतून उठायला, तोल सावरायला लागतात. त्यांना वजनच उचलावं लागतं. बॉस्टनमध्ये १९९० साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातले दहा अशक्त लोक, सरासरी वय नव्वद. आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

आणि आता आमचा हिरो. रोबेर मार्शां, जन्म १९११, फ्रान्स. उंची जेमतेम पाच फूट. तरुणपणी त्याला सांगितलं गेलं, की तू शर्यतीच्या कामाचा नाहीस. गडी निघून गेला, व्हेनेझुएलात, कॅनडात पोटापाण्याची कामं केली आणि सायकल पुन्हा हातात धरली ती अडुसष्टाव्या वर्षी. २०१२ मध्ये शंभरीत त्याने एका तासात २४.२५ किलोमीटर कापले. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, २६.९२ किलोमीटर. म्हणजे दोन वर्षं आणखी म्हातारा होऊन जास्त वेगाने! मधल्या काळात व्हेरोनिक बिया या शास्त्रज्ञ बाईने त्याचा सराव आखला होता. वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर, त्यातला ८० टक्के हिस्सा अगदी आरामात आणि २० टक्के दम लागेल असा. त्याची प्राणवायूची क्षमता १३ टक्क्यांनी वाढली. २०२१ मध्ये तो १०९ वर्षांचा होऊन गेला.

आपल्याकडची उदाहरणंही कमी नाहीत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' शर्यत दोघांच्या गटात पूर्ण करून आले. नऊ दिवसांच्या आत. विशीतली पोरं नव्हती ती, व्यवसायात मुरलेले डॉक्टर होते. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली.

मला ब्रेव्हे आवडते ती यासाठीच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. पंचविशीच्या पोराला तेवढेच, पासष्टीच्या आजोबांना तेवढेच. ताशी सरासरी पंधराही नाही. तिथे वेग लागत नाही, न थांबणं लागतं. (कामशेतला वडापाव आणि दोन चहा यात किती वेळ जातो, ते मला विचारा.)

शेवटी इंजिनिअरसारखा विचार केला आणि आकडे मांडले. माझी जुनी सायकल : पुढे सगळ्यात छोटी चकती ३९ दातांची, मागे सगळ्यात मोठी २५ ची. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे १.५६ फेरे, साधारण ३.३ मीटर. घाटात ताशी आठ किलोमीटरने चढताना पाय मिनिटाला फक्त चाळीस वेळा फिरतो आणि प्रत्येक वेळी गुडघ्यावर जात्यासारखा भार येतो. पुढे ३४, मागे ३४ केलं, की एका फेऱ्याला २.१ मीटर. त्याच वेगाला पाय त्रेसष्ट वेळा फिरतो आणि दर वेळी जोर मात्र दोन-तृतीयांशापेक्षाही कमी लागतो. काम तेवढंच, फक्त छोट्या हप्त्यांत. गृहकर्ज घेतलेल्या माणसाला हे पटायला एवढा वेळ लागावा!

तर चकती बदलली. मागची कॅसेट बदलली, लांब पिंजऱ्याचं डिरेलर टाकलं. त्या पोराने "काका, मी म्हटलं होतं ना" असं म्हणण्याचा मोह टाळला, त्याबद्दल त्याचे आभार. आठवड्यातून दोनदा वजन उचलतो. चाळिशी उलटली असल्याने डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेतली, तुम्हीही घ्या. छातीत दुखणं आणि पाय दुखणं यांना एकाच मापाने मोजू नका.

आणि अण्णा. डॉक्टरांना विचारून त्यांचा एक व्यायाम सुरू केला : खुर्चीत बसायचं, हात न टेकता उठायचं. पहिल्या दिवशी दोनदा जमलं. आता सकाळी दहा, संध्याकाळी दहा. देवापुढून ते एका हाताचा आधार घेऊन उठतात. दुसरा हात मी पुढे करायचा नाही, हे मला शिकावं लागलं. ते त्यांच्या व्यायामापेक्षा अवघड आहे.

परवा त्यांना गिअरची सगळी कहाणी सांगितली. देग्रांज, ती फ्रेंच बाई, पंचेचाळीस वर्षांची अट, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे एकच गिअर होता. चढ आला की खाली उतरायचं, ढकलत न्यायची, वर गेलं की परत बसायचं. त्यात लाज कसली? ड्युटीवर वेळेत पोचलो की झालं."

असो. रविवारी पहाटे खोपोलीला निघतोय. शिंग्रोबाच्या चढावर दमलो, तर उतरून ढकलेन. अण्णांनी ॲटलसवरचा दोडक्याचा वेल काढायला सांगितलाय. चालवायची नाही म्हणाले, नुसती पुसून ठेव. बघू.