ओल्या गिलाव्यावरची उद्योगगाथा

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा (१८८६-१९५७) यांची 'डेट्रॉइट इंडस्ट्री' ही भित्तिचित्रमालिका विसाव्या शतकातील सार्वजनिक कलेचा एक मानदंड मानली जाते. अमेरिकेतील डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या संग्रहालयाच्या चौकातील चारही भिंतींवर तिच्या २७ चौकटी पसरलेल्या आहेत.

संचालक विल्यम व्हॅलेंटायनर यांनी रिव्हेरांना निमंत्रण दिले आणि खर्चाचा भार मोटार उद्योगपती एडसेल फोर्ड यांनी उचलला. काळ महामंदीचा होता. मार्च १९३२ मध्ये फोर्डच्या रूज कारखान्यावर निघालेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन कामगार मृत्युमुखी पडले होते. पुढच्याच महिन्यात साम्यवादी विचारांचे रिव्हेरा त्या शहरात दाखल झाले.

प्रत्यक्ष रंगकामाआधी त्यांनी काही महिने कारखान्यात फिरून यंत्रांची रेखाटने केली. कंपनीच्या छायाचित्रकाराची छायाचित्रेही अभ्यासली. त्यानंतर मोठ्या चौकटींची पूर्ण आकाराची रेखाटने कागदावर कोळशाने काढण्यात आली. संग्रहालयाच्या कोठारात विस्मृतीत गेलेली ही रेखाटने १९७९ मध्ये पुन्हा सापडली.

रिव्हेरांचे तंत्र 'फ्रेस्को' अर्थात ओल्या गिलाव्यावर रंगविण्याचे होते. भिंतीवर चुन्याचे थर एकावर एक चढवले जात. एका दिवसात रंगवून होईल तेवढ्याच भागावर साहाय्यक शेवटचा पातळ थर देत आणि रेखाटन त्यावर उतरवून घेत. रिव्हेरा आधी काळ्या रंगाने छायाप्रकाश साधत आणि मग पाण्यात घोटलेले रंग भरत. चुना सुकताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते. रंगकण त्यातच कायमचे बद्ध होतात. त्यामुळे चूक झाल्यास तेवढा गिलावा खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसते. अजिंठ्याचे तंत्र याहून वेगळे आहे. तेथे वाळलेल्या गिलाव्यावर चिकट बंधक मिसळलेले रंग वापरलेले आहेत.

जुलै १९३२ मध्ये भिंतीवर सुरू झालेले काम मार्च १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि लगेच वादळ उठले. बालकाला लस टोचतानाच्या चौकटीत ख्रिस्तजन्माच्या दृश्याचे विडंबन असल्याचा आक्षेप काही धर्मगुरूंनी घेतला. भिंतींना सफेदी फासण्याची मागणी वृत्तपत्रातून झाली. एडसेल फोर्ड मात्र चित्रकाराच्या पाठीशी उभे राहिले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये असा पाठीराखा लाभला नाही. तेथील भित्तिचित्रातून लेनिनची प्रतिमा काढण्यास रिव्हेरांनी नकार दिला. मे १९३३ मध्ये काम थांबविण्यात आले आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते चित्र फोडून टाकण्यात आले.

डेट्रॉइट महापालिकेने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा कर्जफेडीसाठी संग्रहालयातील कलाकृती विकण्याचा विचार पुढे आला होता. पुढील वर्षी झालेल्या समझोत्यात हा संग्रह बचावला. त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, या भित्तिचित्रांना राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला.