कानाचे माप आणि स्टिरिओचा तोल

रंगमंचावरील गायक-वादक स्वतःचा आणि साथीदारांचा आवाज ऐकण्यासाठी कर्णनलिकेत जे छोटे साधन बसवतात, त्या इन-इअर मॉनिटरचा इतिहास बहुधा रॉक संगीताच्या ध्वनियोजनेतील एक प्रकरण म्हणून सांगितला जातो. परंतु दोन्ही कानांना समतोल स्टिरिओ ध्वनी पुरवण्यातील खरी अडचण विजेची किंवा ध्वनिमुद्रणाची नव्हती, ती कानाच्या मापाची होती. आणि ती सोडवण्याचे श्रेय स्पीकर बनवणाऱ्यांपेक्षा श्रवणयंत्रांच्या व्यवसायाला द्यावे लागते.

स्टिरिओचे तत्त्व त्यामानाने फार लवकर हाती आले होते. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचाच्या पुढील कडेला टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडले आणि त्यांच्या तारा दोन किलोमीटरहून अधिक अंतरावरील प्रदर्शनाच्या इमारतीत आणल्या. तेथे श्रोत्याने दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावला की गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला सरकला हेही त्याला जाणवत असे. असे का घडते याची सुसंगत मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली: उच्च स्वरांची दिशा मुख्यतः दोन कानांतील तीव्रतेच्या फरकावरून आणि खर्जाची दिशा ध्वनिलहरी दोन्ही कानांशी पोहोचण्यातील सूक्ष्म कालांतरावरून ओळखली जाते. मात्र आदेर यांच्या श्रोत्याला दोन्ही हात रिसीव्हर धरण्यातच गुंतवावे लागत. फ्रेंच अभियंता एर्नेस्त मर्काद्ये यांनी १८९१ मध्ये कानातच बसणाऱ्या, रबरी टोकांच्या आणि सुमारे पन्नास ग्रॅम वजनाच्या जोड-रिसीव्हरचे पेटंट घेतले खरे, पण पुढील कित्येक दशके हेडफोनची वाटचाल कानावर बाहेरून दाबून बसणाऱ्या गाद्यांच्याच दिशेने झाली.

कानाच्या आत शिरण्याचे कसब दरम्यान श्रवणयंत्रे करणाऱ्यांनी जोपासले. यंत्राचा आवाज कर्णनलिकेतून बाहेर झिरपला की तो मायक्रोफोनमध्ये परत शिरून शिट्टी वाजते, त्यामुळे प्रत्येक रुग्णाच्या कानाचा साचा घेऊन त्यावरून घट्ट बसणारा तुकडा घडवणे त्यांना भागच होते. याच व्यवसायासाठी ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ हा ध्वनिनिर्मितीचा अत्यंत लहान घटक विकसित झाला. त्यात चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली धातूची पट्टी विद्युतप्रवाहानुसार हलते आणि ती हालचाल एका पातळ पडद्याला पोहोचवते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या एटिमोटिक रिसर्च या अमेरिकी संस्थेचे मीड किलियन हे मूळचे श्रवणशास्त्रातले, आणि त्यांनी १९९१ मध्ये संगीतश्रवणासाठी आणलेला ईआर-४ हा इअरफोन याच परंपरेतला होय.

रंगमंचाची गरज वेगळी होती. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांच्या कल्लोळात बीटल्सना स्वतःचेच वादन धड ऐकू येत नव्हते. पुढे कलाकाराच्या पायाशी तिरके स्पीकर ठेवण्याची पद्धत रुळली, आणि प्रत्येकाला आपला आवाज वरचढ हवा असल्याने रंगमंचावरील गोंगाट वाढतच गेला. १९८०च्या दशकात कानातील साधनांचे प्रयोग सुरू झाले. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचे मॉनिटर अभियंता जेरी हार्वे यांनी ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या मापाचे साधन घडवले आणि त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली.

येथे मापाचे महत्त्व पुरते उघड झाले. खर्ज ऐकू येण्यासाठी साधनाचे टोक आणि कानाचा पडदा यांमधील इवलीशी हवा बंदिस्त राहावी लागते. बारीकशी फट राहिली तरी प्रथम खर्जच गळतो. फट एकाच कानात असेल तर ड्रमचा ठोका दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि मिक्सरवर फट असलेल्या बाजूचा आवाज वाढवला तर वरचे स्वर तेवढे कर्कश होतात, झुकाव मात्र जात नाही. एकाच व्यक्तीच्या दोन कर्णनलिकाही सारख्या नसतात, म्हणून तयार फोमची किंवा सिलिकॉनची टोके वापरताना डाव्या-उजव्या कानांना वेगळे आकार लावावे लागणे यात वावगे काही नाही. फोमचे टोक बोटांनी वळून, कान वर व मागे ओढून आत सरकवतात आणि ते फुगेपर्यंत धरून ठेवतात. मापाचे साधन हवे असल्यास श्रवणतज्ज्ञ आधी दोरा बांधलेला कापसाचा किंवा फोमचा अडसर आत बसवून मगच सिलिकॉन भरतो. गायकाचा जबडा हलताना कर्णनलिकेचा आकार बदलत असल्याने त्याला त्या वेळी तोंड उघडे ठेवायला सांगतात.

स्टिरिओ मिश्रण मिळणे हाही काही काळ चैनीचाच भाग होता, कारण एका कलाकारासाठी मिक्सरच्या दोन वाटा खर्ची पडत आणि लहान वाद्यवृंदांना एकाच वाटेवर, म्हणजे मोनोवर, भागवावे लागे. मोनोत सारी वाद्ये डोक्याच्या मध्यावर एकमेकांवर चढतात. गिटार डावीकडे आणि कीबोर्ड उजवीकडे ठेवला की कमी आवाजातही दोन्ही वेगळे ऐकू येतात. श्रोत्यांचा प्रतिसाद ऐकण्यासाठी एक साधन काढून ठेवण्याची अनेक गायकांची सवय मात्र सर्वथा त्याज्य म्हटली पाहिजे: दोन कानांनी ऐकताना तोच ध्वनी अधिक मोठा भासतो, म्हणून एकच कान उरला की आवाज वाढवला जातो आणि इजा त्याच कानाला होते. प्रेक्षकांचा आवाज हवा असल्यास त्यासाठी स्वतंत्र मायक्रोफोन लावून तो मिश्रणात घेता येतो.