सुईणीचे हात

लातूरकडच्या आमच्या खेड्यात आजी सुईण होती. तिने नाळ कापलेल्या मुलावर वाड्यातले लोक पाणी शिंपडत. तिच्या हातांना मात्र साबण मिळत नसे. विटाळ टाळण्यालाच स्वच्छता म्हणणारी ही संस्कृती!

बाळांना जुलाब लावणारा रोटाव्हायरस १९७३ मध्ये सापडला. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समधील नवजात बाळांत त्याचा निरुपद्रवी प्रकार आढळला. त्यातून भारतीय लस घडली, २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. पण पहिला डोस सहाव्या आठवड्यात. तोवर वॉर्डातल्या दीड किलोच्या जिवाला आधार आईच्या दुधाचा नि धुतलेल्या हातांचा.

२०२३च्या ऑक्टोबरच्या तोंडावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात. ते या विषाणूने गेले, असे मी म्हणत नाही. खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांकडून, ते आदिवासी, शौचालय साफ करून घेतले. बाळांच्या वॉर्डात हात धुवायला साबण होता काय, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.